सुभेदाराची शिंगं

तीर्थस्वरूप अर्जुनदाजी यांच्या सेवेशी,

वडूजच्या माळावरून तुमचा धाकटा मेहुणा तानाजी (हवालदार, निवृत्त) याचा दोन्ही हात जोडून आणि, तुम्ही समोर नसल्यामुळे, मनातल्या मनात वाकून नमस्कार. इकडे सगळी खुशाल आहेत. आईचे गुडघे सोडले तर घरात कुणाचं काही दुखत नाही, आणि आईचंही सध्या गुडघ्यांपेक्षा दुसरंच काही दुखतंय, त्याचं पुढे येईलच. तुमची तब्येत कशी आहे? सत्काराचे हार वाहून वाहून तुमच्या मानेला पट्टा लागला, असं आक्का म्हणत होती. मेंढपाळ सोसायटीच्या चेअरमनपदाला तुम्ही उभे राहिल्याचं कळलं. बोर्डावर तुमचा फोटो पाहिला. काळा चष्मा शोभतो. फोटोखाली 'युवा नेते' असं लिहिलंय, तेही छानच आहे (नातवाला मांडीवर घेऊन फोटो काढला नसता तर आणखी पटलं असतं). ऊस कसा आहे? म्हैस व्याली का? आणि मुख्य म्हणजे, तुमच्या बांधावरच्या बोरीखाली आमच्या सुभेदाराचा दगड आहे, तो कसा आहे? त्याला शेंदूर लावता ना? गेल्या अवसेचा निवद पोचला का? (पलूसच्या एसटीच्या कंडक्टरकडे डबा दिला होता. डबा धुऊन पुसून परत आला, म्हणजे पोचला असणार.)

तुम्ही म्हणाल, मोबाईल असताना हा कागद कशाला? तर दाजी, फोन लावला की तुमच्याऐवजी तुमच्या प्रचाराचं गाणं वाजतं, आणि ते संपलं की तुम्ही मिटिंगमध्ये असता. मोबाईलवर लिहून पाठवलं तर दोन निळ्या खुणा उमटतात आणि त्यापुढे काही उमटत नाही. कागदाचं तसं नसतं. पलटणीत होतो तेव्हा मी हे पाहिलंय की कागद हातात पडला की माणूस शेवटपर्यंत वाचतो, निदान आपलं नाव कुठे आलंय ते बघण्यासाठी तरी. तुमचं नाव ह्या पत्रात बरंच आलंय.

सुभेदाराची कथा तुम्हाला माहीत आहे. पण मला कुठलीही गोष्ट मुळापासून सांगायची सवय आहे (माझा रिपोर्ट ऐकता ऐकता आमचे मेजर साहेब बसल्या जागी घोरत), तेव्हा थोडं सोसा. आमचे आबा गेले त्या वर्षी जतकडच्या बाजारातून आलेलं हे माडग्याळी कोकरू. त्याची आई वाटेतच मेली होती. आमच्या आईने त्याला बाटलीने दूध पाजलं, आबांच्या जुन्या धोतरात गुंडाळून चुलीपाशी निजवलं आणि वाढवलं. पोपटासारखं बाकदार नाक, अंगावर तांबडे पट्टे, ह्या जातीच्या रिवाजाप्रमाणे डोक्याला शिंगं नाहीत, पण चालण्यात असा रुबाब की आईने नाव ठेवलं सुभेदार. मी इतकी वर्षं नोकरी करून हवालदारापर्यंत पोचलो आणि हे घरात आल्या दिवशी माझ्यावरचा अधिकारी झालं. पुढे ते माझ्या खाटेवर बसायचं आणि मी उभा राहायचो. आमच्या प्रांजलचं भूगोलाचं पुस्तक त्याने खाल्लं, तेव्हा आई प्रांजललाच रागावली, की खाण्याच्या वस्तू उघड्यावर का ठेवतेस. आबा गेल्यावर आई आमच्याशी कमी आणि सुभेदाराशी जास्त बोलायची. आम्हाला त्याचं काही वाटत नव्हतं. ती बोलतेय हेच पुष्कळ होतं.

मग मागल्या वर्षी तुम्ही पलूसच्या प्रदर्शनात मांडायला म्हणून त्याला घेऊन गेलात. गेला तो गेलाच. मका जास्त खाल्ला, पोट फुगलं, डॉक्टर यायच्या आत आटोपलं, असं सांगताना तुम्ही फोनवर इतके रडलात की मीच तुमची समजूत घातली. 'बोरीखाली माझ्या हातानं खड्डा काढला, नव्या धोतरात गुंडाळला, भंडारा टाकला, उशाला दगड ठेवला,' हे तुमचे शब्द. आई पलूसला येऊन त्या दगडापाशी दिवसभर बसली आणि तेव्हापासून दर अवसेला पुरणाची पोळी तिकडे येते. जावई असावा तर अर्जुनासारखा, मुक्या जनावराला मातीसुद्धा मानाने दिली, हे तिने वडूजच्या अर्ध्या बाजाराला सांगितलंय. उरलेल्या अर्ध्याला मी सांगितलंय.

तर आता ज्यासाठी लिहायला बसलो ते. दिवाळीच्या सुट्टीत आक्काने प्रांजलसाठी मलकापूरच्या त्या नव्या मत्स्यालयाचे पास पाठवले. तुमचा सदरा धुवायला टाकताना खिशात सापडले म्हणे. (आक्काला रागावू नका. खिसे बघितल्याशिवाय सदरा पाण्यात घालू नये, हे तिला आईनेच शिकवलंय.) पासावर सोनेरी अक्षरात छापलं होतं, 'सन्माननीय देणगीदार, सहकुटुंब, मोफत'. माझी छाती भरून आली. आमचे दाजी देणगीदार! म्हणजे तिथे कुठेतरी भिंतीवर तुमच्या नावाची पाटी असणार, आणि ती शोधून तिच्यासमोर सगळ्यांचा फोटो काढायचा, असं मी एसटीत बसल्याबसल्याच ठरवलं. आई, मी, आमची मंडळी आणि प्रांजल असे चौघे निघालो. आईने भाकरी बांधून घेतली आणि कमरेला भंडाऱ्याची पिशवी नेहमीप्रमाणे खोचली. मासे बघायला भंडारा कशाला, असं मी म्हणालो. ती म्हणाली, दवाखान्यात नेतोस तवा इचारतोस का?

इमारत हायवेवरून दिसते. वर लिहिलंय 'अमृतभैया जीवसृष्टी दर्शन व मत्स्यालय'. भागातले हे मोठे पुढारी अमृतभैया हयात आहेत, तरुण आहेत आणि स्वतःच्या नावाच्या मत्स्यालयाचं उद्घाटन त्यांनी स्वतःच केलंय, त्यामुळे कुणाला बोलवायचं हा वाद झाला नाही. दारात त्यांचाच पितळी पुतळा आहे, हातात मासा धरलेला. आईने तो पाहून चपला बाहेर काढल्या आणि पुतळ्याला हात जोडले. 'कवा गेलं बिचारं?' म्हणून तिने रखवालदाराला विचारलं. रखवालदार म्हणाला, गेलं न्हाई आज्जी, आत्ताच जेवायला गेलंय. आत गेल्यावर पहिल्या दालनात मासे नाहीतच. तिथे फोटो आहेत. भैया माशांना खाद्य घालताना, भैया माशांविषयी चिंतन करताना, भैया आणि मासे एकमेकांकडे बघताना. शेवटच्या फोटोत तर मासा फ्रेमच्या बाहेर गेलाय, नुसते भैयाच आहेत. प्रांजल म्हणाली, पप्पा, मासे पुढं असतील. मीही तीच आशा धरून चाललो.

पुढे मासे होते. पण प्रत्येक काचेच्या टाकीवर माशाचं नाव बारीक आणि देणगीदाराचं मोठं, त्यामुळे आमची मंडळी बराच वेळ एका टाकीपाशी उभी राहून प्रांजलला सांगत होती, की ह्या जातीला 'कैलासवासी दगडाबाई यांच्या स्मरणार्थ' म्हणतात. मी मात्र एकेक पाटी वाचत तुमचं नाव शोधत होतो. शार्क कुणा ठेकेदाराने दिला होता (शार्क दोन विती लांब होता आणि त्याला मिशा होत्या. कृष्णेच्या पुलावर गळ टाकणारी पोरं तसला शार्क रोज धरतात). सोनेरी मासे एका पतसंस्थेचे. एका टाकीवर लाल पट्टी आणि कवटीचं चित्र, 'नरभक्षक पिरान्हा, ॲमेझॉन, हात घालू नये'. लोक लांबूनच बघत होते. आमच्या मंडळींनी काचेला नाक लावलं आणि मोठ्याने जाहीर केलं, की हा बाजारात मिळतो तो रूपचंद आहे, रवा लावून तळला की बरा लागतो. मागच्या दोघातिघांनीही तिला दुजोरा दिला आणि टाकीपुढची भीती एकदम उतरली. नरभक्षकही तोंड फिरवून कोपऱ्यात गेला. तुमचं नाव तिथेही नव्हतं. मी रखवालदाराला पास दाखवून विचारलं, आमच्या दाजींनी काय दिलंय हो? त्याने सलाम ठोकला आणि म्हणाला, मोठ्या देणग्या सगळ्या वरच्या मजल्यावर. दाजी, जिना चढताना मी अक्षरशः कवायतीच्या चालीने चढलो.

वरच्या मजल्यावर निसर्ग संग्रहालय. तिथे बाटल्यांत साप, टाचणीला फुलपाखरं, सिमेंटचा हत्ती आणि एक पेंढा भरलेला कोल्हा आहे, ज्याचा चेहरा शिंक अडवून धरल्यासारखा झालाय. मधोमध रबरी डायनासोर. समोरून कुणी गेलं की तो आपोआप डरकाळी फोडतो. आई समोरून गेली, त्याने डरकाळी फोडली, आई थांबून म्हणाली, 'गप रं.' दुसऱ्यांदा गेली तेव्हा तो खरंच गप्प राहिला (बटण अडकलं असेल, पण आईला तसं सांगायची माझी हिंमत झाली नाही). आमच्याबरोबर पलूसकडच्या एका बचत गटाची सहल होती. त्यांची पुढारीण बनुबाई म्हणून, तुम्हाला चांगली ओळखते. 'अर्जुनदादांचं मेव्हणं का तुमी?' म्हणाली. मी म्हटलं, होय, आणि त्यांची पाटीच शोधतोय, चला तुम्हालाही दाखवतो. दाजी, इथे माझं चुकलं. सगळ्या बायका मीच बरोबर घेतल्या.

शेवटचं दालन हिमालयाचं. दारातून आत गेलं की गार वारा, निळे दिवे, खाली कापसाचा बर्फ, भिंतीवर रंगवलेली शिखरं. मी लेहला राहिलेला माणूस. बर्फ खोटा आहे हे मला दारातूनच कळलं, पण खरा बर्फ पाहिलेला त्या खोलीत मी एकटाच, म्हणून जरा ऐटीत पुढे झालो. आणि तिथे तुमची पाटी होती! पितळी, चकचकीत, बाकी सगळ्यांपेक्षा मोठी. मी सगळ्यांना थांबवून मोठ्याने वाचली. 'हिमालयीन रानमेंढा. अत्यंत दुर्मीळ व लाजाळू. मानवी वस्तीपासून दूर राहतो. सप्रेम भेट, श्री. अर्जुनदादा, युवा नेते, पलूस, यांनी हिमालयाच्या मोहिमेतून खास आणलेला.' मी टाळ्या वाजवल्या. बायकांनी वाजवल्या. मग माझ्या मनात आलं, की आमचे दाजी हिमालयात गेले कधी? तुम्ही उत्तरेला गेलात ते शिर्डीपर्यंत, आणि तिथूनही गार लागतंय म्हणून लवकर परत आलात. पण छापलेल्या पाटीवर माझा विश्वास बसतो, सरकारी नोकरी केल्याचा तो परिणाम. मी आईला समजावून सांगू लागलो, की हे जनावर उंच कड्यांवर राहतं, माणूस दिसला की पळतं, आम्ही पहाऱ्यावर असताना दुर्बिणीतून बघायचो वगैरे. (मी एकही बघितलेलं नाही. पण समोर बायका होत्या.)

आई माझं ऐकतच नव्हती. ती दोरीच्या पलीकडे गेली होती. कापसाच्या बर्फात अनवाणी उभी राहून तिने त्या रानमेंढ्याच्या हनुवटीखाली हात घातला, जसा ती रोज घालायची. मग तिने हात वर नेला, नाकावरून, कपाळावरून, आणि तो एका शिंगाला लागला. तुरीच्या दांड्याएवढी नव्हे, चांगली दंडाएवढी वळलेली दोन शिंगं होती, पॉलिश केलेली. आईने मागे वळून मला विचारलं, 'तान्या, ह्येला शिंगं कवा आली रं?'

मी म्हटलं, आई, तो हिमालयातला आहे. ती म्हणाली, 'सुभ्या हाय ह्यो.' मी पुन्हा पाटी वाचून दाखवली. तिने पाटीकडे बघितलंसुद्धा नाही. तिने डावा कान उलटा करून मला दाखवला. तुम्हाला आठवत असेल, किंवा नसेल, सुभेदार लहान असताना कुत्र्याने त्याचा कान फाडला होता आणि आईने गोधडीच्या निळ्या दोऱ्याने तो शिवला होता. दोरा तिथेच होता, दाजी. तुमच्या कारागिराने तांबडे पट्टे पुसून करडे केले, नाकाला भर घालून ते सरळ केलं, डोळे तर त्याने गणपतीचे बसवलेत (प्रांजलच्या लक्षात आलं, मेंढा कुठूनही बघा, आशीर्वाद दिल्यासारखा दिसतो), पण कान उलटा करून कुणी बघेल असं त्याच्या मनात आलं नसणार. मानवी वस्तीपासून दूर राहणारं हे जनावर आमच्या चुलीपाशी निजत होतं आणि चहाची बशी चाटत होतं. मी टाळ्या वाजवलेले हात कुठे ठेवावेत ते मला कळेना.

पुढे जे झालं ते फक्त आपल्याकडेच होऊ शकतं. आईला वाटलं, बिचाऱ्याला मातीच मिळाली नाही, तो इथे परक्या मुलखात, परक्या नावाने, उभ्याचा उभा अडकलाय. तिने कमरेची पिशवी सोडली, मूठभर भंडारा घेतला आणि 'बिरोबाच्या नावानं...' अशी आरोळी देऊन उधळला. आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे ही आरोळी कानावर पडल्यावर गप्प बसणारा माणूस कुठे मिळेल? बचत गटाच्या सगळ्या बायका, दोन रखवालदार, बाहेरच्या दालनातली अनोळखी कुटुंबं आणि खाली तिकीट फाडणारा, सगळ्यांनी एका आवाजात 'चांगभलं!' म्हटलं. आईने दुसरी मूठ उधळली, पुन्हा चांगभलं. हिमालय पिवळा झाला. छताला धूर ओळखणारं यंत्र आहे, त्याला भंडारा आणि धूर यांतला फरक कुणी शिकवलेला नाही. ते केकाटायला लागलं. कुठूनतरी स्पीकरवर एक बाई इंग्रजीत आणि मग मराठीत सांगू लागली, की घाबरू नका, आग लागली आहे. सगळे पळाले. पळणारे सगळे डायनासोरसमोरून गेले, त्याचं बटण नेमकं तेव्हा सुटलं आणि तो प्रत्येकाला वेगळी डरकाळी देत बसला. गर्दीत आमच्या मंडळींची एक चप्पल गेली. कुणाला काही इजा झाली नाही. नरभक्षक रूपचंदसुद्धा सुखरूप आहेत.

एकटी आई जागची हलली नाही. मी परत वर गेलो तेव्हा ती कापसात मांडी घालून, सुभेदाराच्या पायांना पाठ टेकून बसली होती, जशी ती संध्याकाळी अंगणात बसायची. डोक्यापासून पायापर्यंत दोघंही पिवळी. तिथले मुख्य साहेब विश्वजीत म्हणून आहेत, कोट घातलेले, ते येऊन तिला समजावत होते, की आज्जी, हा दुर्मीळ प्राणी आहे, हात लावायचा नसतो. आईने त्यांनाही कान उलटा करून दाखवला. साहेबांनी वाकून निळा दोरा बघितला, मग पाटीकडे बघितलं, मग माझ्या हातातल्या सोनेरी पासाकडे बघितलं. हिमालयात निळ्या दोऱ्याने कान शिवतात का, असं त्यांना बनुबाईने दारातूनच विचारलं (ती चप्पल शोधायला परत आली होती, आमच्या मंडळींची नव्हे, स्वतःची). 'आणि आमचं अर्जुनदादा हिमालयात कवा गेलं वं?' हा तिचा दुसरा प्रश्न. साहेब एवढंच म्हणाले, की वस्तू ट्रस्टची आहे, देणगीदाराने अमृतभैयांच्या वाढदिवसाला स्वतः स्टेजवर दिलीय. परत न्यायची तर देणगीदाराने स्वतः इथे येऊन सांगावं लागेल, की हा मेंढा कोण आणि कुठला. हे ऐकल्यावर आई उठली. तिने पदराने सुभेदाराच्या नाकावरचा भंडारा पुसला आणि ती जिना उतरली.

परतीच्या एसटीत भाकरी तशीच बांधलेली राहिली. वडूज जवळ आल्यावर तिने मला एकच विचारलं, 'मग तान्या, मी पोळी कुणाला धाडत हुते?' दाजी, मी पहाऱ्यावर असताना माझ्या शेजारच्या माणसाला गोळी लागलेली पाहिली आहे, पण तिच्या त्या प्रश्नाइतकं मला कशाने गार केलं नाही. वर्षभर एक म्हातारी बाई अवसेच्या आदल्या रात्री डाळ भिजत घालते, दुखऱ्या गुडघ्यांनी पाट्यावर पुरण वाटते, मिक्सरला हात लावू देत नाही, आणि तिकडे पलूसला त्या पोळीवर कोण तूप घेतं, हे मी विचारणार नाही. तुमच्या सदऱ्याची बटणं वर्षभरात तुटू लागली, असं आक्का मागे म्हणाली होती, तेही मी जोडून बघणार नाही.

मी रागावलो आहे असं कृपा करून समजू नका. तुम्ही मोठे, आमच्या घरचे जावई, तुमचा मान पहिला. मेंढा खरोखर मक्याने गेला असेल, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. त्याला नुसतं पुरण्यापेक्षा भैयांच्या नजरेत भरेल असा उपयोग करावा, आणि माडग्याळी मेंढा देण्यापेक्षा हिमालयाचा दिला तर पाटी मोठी मिळेल, हा विचार युवा नेत्यालाच सुचू शकतो. शिंगं कुणाची बसवलीत तेवढं मात्र कळलं नाही. माझं काहीही मागणं नाही. आक्काला आशीर्वाद सांगा म्हणणार होतो, पण ती थोरली, तिला नमस्कार सांगा. मुलांना आशीर्वाद. लोभ होता तसाच राहू द्यावा, निदान कमी झाला तर कळवावं.

तुमचा आज्ञेतला,
तानाजी

ता. क. रविवारी तुमच्या प्रचाराचा नारळ आईच्या हस्ते फोडायचा आहे, तिला पाठवा, असा तुमचा निरोप होता. पाठवली आहे. हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, हे तुमच्या लक्षात आलंच असेल. ज्या हातांनी ते तुम्हाला दिलं, ते आत्ता बोरीखाली घोंगडं अंथरत असतील. तिला घरात या म्हणून आग्रह करू नका, येणार नाही. सुभेदार त्या दगडाखाली येईपर्यंत ती दगडापाशी बसणार आहे. पिठाचा डबा बरोबर दिलाय आणि डबा मोठा आहे. प्रचाराला येणारी माणसं म्हातारी कोण म्हणून विचारतील, तर तीच सांगेल.

दुसरा ता. क. प्रांजलने सगळ्याचा व्हिडिओ काढलाय, तुमची पाटी अगदी स्वच्छ आलीय. तो फक्त आमच्या घरच्या ग्रुपवर आहे. पण बनुबाईकडेही मोबाईल होता, आणि त्या बायकांची घरं तुमच्या सोसायटीची सभासद आहेत, हे मला मागाहून कळलं.

तिसरा ता. क. मागणं नाही असं वर लिहिलं, ते खोडत नाही, पण एक आहे. उद्या सकाळी मलकापूरला जा. त्या पाटीपुढे उभे राहून मोठ्याने सांगा, की हा सुभेदार, माझ्या सासूने वाढवलेला. मग त्याला घेऊन या आणि खड्डा तुमच्या हाताने काढा, आधी सांगितला होतात तसा. नवं धोतर मी आईबरोबर पाठवलंय. दगडाखाली काही नाही हे तिला कळलेलं आहे. पण तिला ते तुमच्या तोंडून ऐकायचंय.

शेवटचा ता. क. पत्र बंद करत होतो, तेवढ्यात एसटीला निघालेली आई दारातून परत आली आणि म्हणाली, एवढं लिही, 'सुभ्याला आणा, पण शिंगं आणू नगा. ती त्याची न्हवती. ज्याची असतील त्यानं ठिवून घ्यावीत.'